तुमचा नियम, तिचे पाय

आप्पा, आईचे पाय वयानं गेले नाहीत. एवढं एक वाक्य तुमच्या तोंडावर म्हणायचं राहून गेलं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडलेलं घरात कुणालाच पटत नाही. भाऊ म्हणतो, "गेलेल्या माणसाचं काय काढत बसतीस, अक्का?" वहिनी सासूबद्दल म्हणायची, "वय झालं आत्तींचं, पाय जायाचंच." परवापर्यंत सगळ्यांना हे वय बरं सापडलं होतं. वयाला कुणी जाब विचारत नाही. मी विचारणार आहे, आणि तुम्हालाच विचारणार आहे. सांगलीतल्या माझ्या मेसची दुपारची पंगत उठलीये, भांडीवाली यायला अवकाश आहे, आई आतल्या खोलीत पडलीये. तुम्हाला मध्येच "तू गप बस" म्हणता येत नाही, एवढी एक सोय आहे या लिहिण्यात.

त्या वर्षी तासगावच्या शेडवर बेदाणा वाळत असताना अवकाळी पाऊस आला आणि निम्म्याहून जास्त माल काळा पडला. मग गावात मुनीमहाराजांचा चातुर्मास लागला आणि तुमच्या डोक्यात आलं की घरातून काहीतरी मोठा त्याग झाला पाहिजे. मी तेव्हा धाकट्याला घेऊन माहेरी आले होते, मंडपात बायकांच्या बाजूला आईशेजारी बसले होते. तुम्ही पुरुषांतून उठलात, हात जोडलेत आणि म्हणालात, "महाराज, आमच्या घरातनं दूध, दही, ताक, तूप, जन्मभर त्याग." सगळा मंडप तुमच्याकडं बघायला लागला. महाराजांनी विचारलं, "त्याग कुणाचा? तुमचा?" तुम्ही म्हणालात, "मंडळींचा." अगदी सरळ म्हणालात, सौद्यात दुसऱ्याच्या मालाची बोली लावावी तसं. महाराजांनी बायकांकडं मान वळवली आणि विचारलं, "बाई, तुमची मनापासूनची इच्छा आहे ना? नसेल तर नको." त्यांनी विचारलं होतं, आप्पा. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. पण भरल्या मंडपात, नवरा उभा असताना, आई काय बोलणार होती? ती उठली, पदर सारखा केला, हात जोडले, मान हलवली. खाली बसली तेव्हा तिनं माझ्या पोराच्या तोंडातून दुधाची बाटली निसटली होती ती परत लावून दिली. तिचा नियम तिथून सुरू झाला.

तुम्हाला आठवतंय का, तिला ताक-कण्या किती आवडायच्या ते? नसणारच आठवत. ज्वारीच्या कण्या शिजवून, गार करून, वरून ताक आणि लसणाशिवायची फोडणी. आपल्या घरात लसूण नव्हता, तरी ती जिऱ्या-मिरचीवरच असं काही जमवायची की मी सासरहून आले की आधी तेच मागायची. नियमानंतरही ताक रोज घुसळलं तिनंच. लोणी तिच्या हातानं निघायचं, तिच्या हातानं कढायचं, आणि बोटं ती राखेनं घासून धुवायची, चाटायची नाही. दिवस मावळायच्या आत तुमचं ताट वाढायची, शेवटी दहीभात. तुम्ही तो कालवत असताना ती समोर भाकरी आणि चटणी घेऊन बसलेली असायची. चटणीवर तेल. कधी आमटी. आमच्यासारख्या, अंडं-मटण न शिवणाऱ्या शिवराक माणसाच्या जेवणात जे काही बळाचं असतं ते दुधातच असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. पण समोर बसून दहीभात खाऊ नये, एवढं कुणालाही कळलं असतं. आणि तुम्ही काय सोडलंत म्हणे? रविवारचं मीठ. त्यासाठी सगळ्या घरानं रविवारी अळणी आमटी खायची.

तप तिचं आणि मान तुमचा. पर्युषण पर्वात बस्तीत देवासमोर तिचा सत्कार झाला, तेव्हा शाल तिच्या खांद्यावर पडली आणि नारळ तुमच्या हातात आला. लोक म्हणायचे, "आप्पांच्या घरात म्हणजे लय कडक." तुम्ही मान खाली घालून हसायचा. मला ते हसू अजून दिसतं. पुढच्या वर्षी बेदाणा चांगला निघाला, दरही बरा लागला, आणि ती गोष्ट तुम्ही आल्यागेल्याला सांगायला लागलात. त्यानंतर तो नियम सुटणं शक्यच नव्हतं. तिच्या न पिलेल्या दुधावर तुमचं शेड चाललं होतं ना.

पायांचं पहिल्यांदा मला काही वर्षांनी, बस्तीतून दर्शन घेऊन येताना कळलं. आई आणि मी गल्लीतून चाललो होतो, बोलत होतो, आणि समोरून येणारी एक बाई म्हणाली, "काकू, एकच चप्पल घातलीया वो." आईनं खाली बघितलं. उजव्या पायातली चप्पल कुठंतरी मागं निसटली होती, आणि तिला कळलंच नव्हतं. मी मागं जाऊन आणली, पार बस्तीच्या कोपऱ्यावर पडली होती. घरी आल्यावर मी हसत हसत सांगितलं, तर तुम्ही तिलाच झापलंत, "ध्यान कुठं आसतं तुझं?" ती म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यावानी लागतंय वो, भुई कळंना झालीया." तुम्ही म्हणालात, वात आहे, एरंडेल लाव. तिनं लावलं. थंडीत तिच्या टाचेला शेगडीचा चटका बसला आणि कातडं करपल्याचा वास आला तेव्हा वहिनीनं तिचा पाय ओढला. त्या दिवशी तरी तुम्हाला भीती वाटायला हवी होती.

मग डॉक्टर. तासगावातले ते म्हातारे डॉक्टर चांगले होते, त्यांनी तिची जीभ बघितली, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, ती लगेच झोकांडली. त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या. तुम्ही त्या घेऊन घरी आलात आणि कुणा व्यापाऱ्यानं तुम्हाला सांगितलं की कॅप्सूलचं वरचं टरफल जनावरांच्या हाडांपासून करतात. झालं. तुम्ही ती पाकिटं चिमट्यानं उचलून चुलीत घातलीत, आई बाजूला उभी असताना. दुसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरांकडं भांडायला गेलात, मला बरोबर नेलंत. डॉक्टर म्हणाले, "कॅप्सूल नको तर सुई घ्या. त्यात टरफल न्हाई, काय न्हाई." तुम्ही म्हणालात, "सुईतलं औषध कशापासनं करत्यात, ते लिहून द्या." डॉक्टरांनी चष्मा काढला. "आप्पा, मी दवाखाना चालवतोय, कारखाना न्हाई. बाईंच्या नसा चालल्यात. आत्ता घेतलं तर पाय राहतील." "मग लिहून द्या की." त्यांनी चष्मा परत घातला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तुम्ही बाहेर आलात ते जिंकल्यासारखे, पायरीवर मला म्हणालात, "बघितलंस, कसं गप केलं?" एक शिकलेला माणूस तुमच्या बायकोचे पाय वाचवायला बघत होता आणि तुम्ही त्याला गप केलंत.

तुम्ही कंजूष नव्हता, तेही सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी खोटं लिहिते. सांगलीच्या बाजारातून तुम्ही तिच्यासाठी ताकदीच्या पावडरीचा मोठा डबा आणलात. वर हिरवा ठिपका होता, तो तुम्ही बोट ठेवून तिला दाखवलात. महागडा होता. दुधातून घ्यायची पावडर होती ती, आप्पा. तिला दूध वर्ज्य, म्हणून ती कोमट पाण्यात कालवून प्यायची, गुठळ्या व्हायच्या, आणि नाक दाबून गिळायची. त्या डब्यात साखर, रंग, वास आणि कसल्यातरी मुळ्या होत्या. तिला जे हवं होतं ते सोडून सगळं होतं. आता माझ्या मेसमध्ये जिमला जाणारी पोरं येतात, प्रत्येकाच्या पिशवीत असाच एक डबा, खडखड हलवून पितात आणि ताटातली मटकीची उसळ तशीच टाकतात. मी त्यांना सोडत नाही. "आदी वाटी संपवायची, मग डबा," म्हणते. ती मला खडूस म्हणतात. म्हणू देत. डबा मोठा असला आणि ठिपका हिरवा असला की माणूस निर्धास्त होतो, ते मी घरातच बघितलेलं आहे.

मी सुद्धा गप बसले नव्हते. सांगलीच्या औषधाच्या दुकानात चौकशी करून साध्या गोळ्या आणल्या, कॅप्सूल नव्हे, वरती हिरवा ठिपकासुद्धा होता. एसटीनं तासगावला आले आणि तुमच्यापुढं ठेवल्या. तुम्ही पाकीट उलटसुलट केलंत, वाचलंत. त्यात खोट काढायला काही सापडलं नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "नियम म्हंजे नियम, बरं का. आज गोळी, उद्या दूध, परवा अंडं. तू आता दुसऱ्या घरची हैस, आमच्या धर्मात नाक खुपसू नगंस." गोळीचा आणि नियमाचा काय संबंध होता? तिनं दूध सोडलं होतं, औषध नव्हे. पण तुम्हाला भीती धर्माची नव्हतीच. आई बरी झाली असती तर लोकांनी विचारलं असतं की कशानं बरी झाली. तुम्ही ते पाकीट स्वतःच्या हातानं माझ्या पर्समध्ये घातलंत आणि चेन लावलीत. आई दाराची चौकट धरून उभी होती. तेव्हा तिला काही धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं.

आणि एकदाही तुम्ही महाराजांना विचारलं नाहीत. ते दरवर्षी पंचक्रोशीत कुठं ना कुठं असायचे. औषध घ्यावं का, एवढंच विचारायचं होतं. विचारलं नाहीत, कारण ते "घ्या" म्हणाले असते.

मग तुम्ही गेलात. मला वाटलं, आता तरी सुटली. कसली सुटते. तुमच्या माघारी तर तो नियम तिला अजून घट्ट बसला. भावानं सांगून बघितलं, मी सांगून बघितलं, ती म्हणायची, "त्यांनी घातलाय." अशक्तपणा फारच झाला की गल्लीतला डॉक्टर सलाईन लावायचा, त्यात एक लाल औषध सोडायचा, ते कशाचं म्हणून कुणी विचारलं नाही. इथल्या सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, ते त्या नाकारलेल्या सुईतलंच औषध असणार, तेवढ्यावरच ती आजवर जगली. गेल्या वर्षी न्हाणीत पडली आणि मी तिला सांगलीला आणली. आप्पा, तिनं मला ओळखलं नाही. मला ती तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारत होती. जीभ लालबुंद, गुळगुळीत, भाकरीचा तुकडा लावला तरी डोळ्यांत पाणी. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि मला विचारलं, "ह्या काही खात नव्हत्या का?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ह्यांच्या रक्तात नसांना लागणारं एक जीवनसत्त्व उरलेलंच नाही, ते भाजीपाल्यात नसतं, शाकाहारी माणसाला ते दुधा-दह्यातूनच मिळतं. तेही बंद केलं तर शरीर काही वर्षं शिलकीवर काढतं, मग रक्त उतरतं, मग नसा जातात, मग डोकं. जैनांच्या कितीतरी घरांत लोक सांभाळून खातात, कमी पडलं तर गोळ्या घेतात आणि छान जगतात, असंही म्हणाल्या. त्या स्वतः आपल्यातल्याच आहेत. "लवकर आला असता तर पाय राहिले असते," म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, लवकर आलो होतो.

सुया सुरू झाल्या. आधी रोज, मग आठवड्याला. पंधरा दिवसांत जीभ निवली. तिनं चटणी मागितली. मग एका सकाळी मी तांदूळ निवडत होते तर मागून आवाज आला, "हात किती धीमा झाला गं तुझा." आणि मागोमाग माझ्या नावानं हाक मारली तिनं. मी तिथंच रडले, लाज नाही वाटली. पाय मात्र तसेच राहिले, भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते, तेवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय फारसे परत यायचे नाहीत. पण जे परत आलंय ते टिकवायचं तर सुई जन्मभर, महिन्याला एक. सोडली तर डोकंसुद्धा जाईल.

आणि डोकं परत आलं तसे तुम्ही परत आलात. तिला तुमचा फोटो हवा झाला. मी तो कपाटाच्या वर उलटा ठेवला होता, तो काढून भिंतीवर लावावा लागला. नंतरच्या महिन्यात सुईवाली आली तेव्हा आईनं दंड झाकून घेतला. "कशाची सुई हाय ही?" मी सांगितलं. "नगं," म्हणाली, "माझा नियम हाय." मी समजावलं, ओरडले, डॉक्टरीणबाईंना फोनवर बोलायला लावलं. गावाबाहेर महाराज आलेत कळल्यावर रिक्षा करून तिला घेऊन गेले. त्यांनी तर जराही वेळ लावला नाही. म्हणाले, औषधाला नियम आड येत नाही, आणि शरीर राहिलं तर धर्म राहील, दूधही घ्या. आईनं नमस्कार केला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "महाराजांचं खरं. पण नियम मला महाराजांनी न्हाई दिला. त्यांनी दिला. त्यांनीच सोडवाय पायजे व्हता." आप्पा, मी रिक्षाच्या दांड्याला कपाळ टेकलं. मंडपात काय झालं ते तिलाही पक्कं ठाऊक होतं. सगळी वर्षं ठाऊक होतं.

तो महिना सुई चुकली. दुसरा जवळ आला. तिनं एका दुपारी मला परत बहिणीच्या नावानं हाक मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक सुई चुकली म्हणून एवढं होत नाही, चुकून आलं असेल तोंडात. पण मी आणखी वाट बघणार नव्हते. त्याच संध्याकाळी, तिचं जेवण झाल्यावर, मी तिच्यासमोर बसले आणि खोटं बोलले. म्हटलं, "आई, आप्पांनी जायच्या आधी मिरजेच्या दवाखान्यात मला सांगितलं होतं. म्हणाले, तिला म्हणावं, लय झालं बरं का आता, सुई घेत जा, दूध बी घेत जा, मी सोडवला नियम." आईनं चष्मा लावून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, पकडली गेले. मग तिनं विचारलं, "मग इतकी वर्सं का न्हाई सांगितलंस?"

याचं उत्तर मी ठरवून ठेवलं नव्हतं. दुसरं कुठलं उत्तर होतं, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, "इसरले."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "आसू दे. संसाराच्या रगाड्यात इसरतं माणूस." मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मला वाटायचंच, ते आसं ठिवून जायाचं न्हाईत मला." दुसऱ्या दिवशी सुई घेतली. रोज पेलाभर दूध घेते, सकाळी. परवा भाऊ-वहिनी आले होते, तर त्यांना सगळं सांगितलं तिनं, कौतुकानं सांगितलं, की जाता जाता त्यांनी नियम सोडवला होता, हिच्याच ध्यानातून गेलं. वहिनी माझ्याकडं बघायला लागली. भाऊ अंगणात आल्यावर म्हणाला, "अक्का, असली गोष्ट इसरतं व्हय गं कुणी? पाय गेलं की तिचं." मी खाली बघून "चुकलं" म्हटलं. त्याला खरं सांगितलं तर त्याच्या पोटात चार दिवससुद्धा राहायचं नाही, आणि आई परत दंड झाकून घेईल. म्हणजे आता हे असं झालंय, आप्पा. या घरात तुम्ही दयाळू आहात आणि आईचे पाय मी घालवलेत. तुम्ही केलेलं सगळं माझ्या अंगावर आलं आणि तुम्ही परत नारळ घेऊन मोकळे झालात.

हे कुठं धाडायचं नाही. घरात ठेवताही येणार नाही, आई आता चष्मा लावून वाचते, हाताला लागेल ते वाचते. फाडून बंबात घालीन. तुम्हाला माफ केलेलं नाही, करायचा विचारही नाही. पण एक आहे. आईला सांगितलेलं ते वाक्य मला रचावं लागलं नाही, तुमच्या "बरं का"सकट माझ्या कानात तयार होतं. मिरजेच्या दवाखान्यात मी तुमच्या उशाशी रात्रंदिवस होते, लोक म्हणाले लेकीनं किती सेवा केली. सेवा कसली. तुम्ही जाण्याआधी हे म्हणाल म्हणून मी बसले होते. तुमचे ओठ हलले की मी कान खाली न्यायची. तुम्ही एकदा विचारलंत, शेडवर ताडपत्री बांधली का. मी म्हटलं, बांधली. मग तुम्ही डोळे मिटलेत, आणि मी तशीच वाकून राहिले होते.